तुमची भाषा कोणती?

दोन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि हळदीकुंकवाचं वाण आणायला मी पनवेलच्या बाजारात गेले होते. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया कंदमुळं घेऊन बसतात. करांदे, कोनफळं, असलंच काहीबाही. कोनफळाचे काप आमच्या घरी सगळ्यांना आवडतात. म्हणून नेहमीच्या मावशींची टोपली शोधत गेले, तर तिथे ही गर्दी! गर्दी घेणाऱ्यांची नव्हती, बघणाऱ्यांची होती.

टोपलीसमोर एक उंच आफ्रिकन बाई उकिडवी बसली होती. डोक्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, दोन्ही हातांत एक भलंमोठं कोनफळ. शेजारी चारेक वर्षांची दोन मुलं, अगदी एकसारखी. ती बाई कोनफळाचा वास घेत होती, नखाने साल खरवडून आतला जांभळा रंग बघत होती आणि स्वतःशीच हसत होती. ‘‘हिला काय कळतंय, बीट समजून घेत असेल,’’ मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मला ती बाई माहीत होती, म्हणजे चेहऱ्याने. आमच्याच सोसायटीत बी विंगमध्ये महिन्याभरापूर्वी राहायला आलेलं कुटुंब. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याबद्दल बरंच काही येऊन गेलं होतं. ‘निग्रो आलेत’, ‘मुलींना एकटं खाली सोडू नका’, वगैरे. मी त्यातल्या कशालाच दुजोरा दिला नव्हता. पण लिफ्टमध्ये ती दिसली की मोबाइलमध्ये तोंड घालून उभी राहत होते, हेही खरं.

त्या दिवशी मात्र लोक हसले आणि मला वाईट वाटलं. पुढे होऊन मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘‘तुम्हाला हे काय आहे ते माहीत आहे का?’’ ती एकदम उजळून म्हणाली, ‘‘माहीत? अहो, हे आमच्या घरचं आहे! आम्ही हे किसतो, तिखट आणि मासे घालून शिजवतो. मला वाटलं होतं, इंडियात हे मिळणारच नाही.’’

मी मावशींशी घासाघीस करून तिला दोन किलो कोनफळं घेऊन दिली. परत येताना रिक्षात तिने विचारलं, ‘‘तुम्ही त्या बाईंशी बोललात ती कोणती भाषा?’’

‘‘मराठी. आणि तुम्ही? तुम्ही घरी आफ्रिकन बोलता ना?’’

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग खळखळून हसली. ‘‘आफ्रिकन नावाची भाषा नसते हो. तुम्ही काय इंडियन बोलता?’’

मैत्रिणींनो, त्या वेळी मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. वीस वर्षं महिला मंडळात काम करते, ‘मातृभाषेचं महत्त्व’ या विषयावर भाषणंही देते. पण समोरच्या बाईलाही एखादी मातृभाषा असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिची भाषा योरुबा. तिचे लोकही योरुबाच. नकाशा काढून बघितलं तर आफ्रिकेच्या पश्चिमेला नायजेरिया हा देश सापडतो. त्याच्या नैर्ऋत्येचा भाग आणि शेजारच्या बेनिन, टोगो या देशांचा काही भाग, हा योरुबांचा मुलूख. लागोस, इबादान, आबेओकुटा ही त्यांची मोठी शहरं. इले-इफे हे त्यांचं आद्य स्थान, माणसाची उत्पत्ती तिथेच झाली असं ते मानतात. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर भाषा आहेत. त्यातल्या तीन मोठ्या म्हणजे हौसा, इग्बो आणि योरुबा. योरुबा बोलणारे चार कोटींहून जास्त आहेत. आणि आपण या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतो, ‘नायजेरियन’. तोही बहुतेक वेळा पोलिसांच्या बातमीतच.

हळूहळू जाणं-येणं वाढलं. तिचा नवरा इथून तयार कपडे घेऊन लागोसला पाठवायचा. ती दिवसभर दोन मुलांना घेऊन घरात. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने दारातच दोन्ही गुडघे किंचित वाकवले आणि म्हणाली, ‘‘ए काबो.’’ म्हणजे ‘या, सुखरूप आलात’. मी तिच्याहून वयाने मोठी, म्हणून गुडघे वाकवायचे. त्यांच्यात मुली मोठ्यांसमोर गुडघे टेकतात, मुलगे जमिनीवर पालथे होऊन नमस्कार करतात, आपल्या साष्टांग नमस्कारासारखा. मोठ्यांना ‘ए’ म्हणजे तुम्ही म्हणायचं आणि बरोबरीच्याला किंवा लहानाला ‘ओ’ म्हणजे तू. इंग्रजीतल्या एकाच ‘यू’ची तिला माझ्यासारखीच अडचण वाटायची. ‘‘देवालाही यू आणि कुत्र्यालाही यू, हे कसं हो?’’ असं ती म्हणाली तेव्हा आम्ही दोघी हसलो.

आणि त्यांची अभिवादनं तर बघत राहावीत. सकाळ-दुपार-संध्याकाळ आहेच, पण प्रवासाहून आलेल्याला वेगळं, पावसात भिजलेल्याला वेगळं, बसून असलेल्याला वेगळं. बाळंत झालेल्या बाईला म्हणतात, ‘ए कु एवू ओमो’. मुलाच्या जन्माच्या धोक्यातून तुम्ही पार पडलात, तुमचं अभिनंदन, असा त्याचा भाव. आपण बाळंतिणीकडे गेलो की आधी विचारतो, ‘काय झालं, मुलगा की मुलगी?’ त्यांच्या भाषेने आधी आईची विचारपूस केलेली आहे.

काम करणाऱ्या माणसालाही तसंच. ‘ए कु इशे’ म्हणजे तुमच्या कामाला नमस्कार. आमच्या सोसायटीत जिना झाडणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या बाजूने जाताना ती प्रत्येक वेळी थांबून ‘ए कु इशे’ म्हणायची. त्या बाईंना अर्थ कळत नव्हता, पण त्याही हसून मान हलवायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘‘ताई, ती काळी बाई रोज काहीतरी चांगलं बोलते बघा मला.’’ मी त्या जिन्यावरून अकरा वर्षं जाते-येते आहे. ‘पाणी नीट टाका’ यापलीकडे मी त्यांना काय म्हटलं असेल?

मग मी ती भाषा थोडी शिकायला घेतली आणि जी फजिती झाली, ती काय सांगू! योरुबा ही सुरांची भाषा आहे. वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर. शब्द तोच, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘ओको’ हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर नवरा. दुसरं अक्षर वर नेलं तर कुदळ. तेच खाली नेलं तर गाडी. आणि दोन्ही खाली म्हटली तर भाला! मी मोठ्या थाटात ‘माझा नवरा बँकेत आहे’ असं म्हणायला गेले आणि माझी कुदळ बँकेत निघाली. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, तसं त्यांच्याकडे सुराने. लहान मुलांना हे सूर चक्क डो, रे, मी म्हणून शिकवतात. त्यांच्याकडे एक बोलणारा ढोलही असतो. दोऱ्या आवळून-सैल करून तो भाषेतले हे सूर वाजवतो आणि ऐकणाऱ्यांना त्यातली वाक्यं कळतात.

एक दिवस तिने मला विचारलं, ‘‘तुमच्याकडे खुर्ची बाई आणि पंखा पुरुष का असतो?’’ मी काय उत्तर देणार? योरुबात तो, ती, ते असा भेदच नाही. तिघांना मिळून एकच सर्वनाम. एवढंच नाही, तर भाऊ आणि बहीण यांनाही मुळात वेगळे शब्द नाहीत. ‘एग्बोन’ म्हणजे मोठं भावंड, ‘आबुरो’ म्हणजे धाकटं भावंड. मुलगा की मुलगी, हे विचारलंच तर नंतर. ओयेरोन्के ओयेवूमी या योरुबा विदुषींनी १९९७ साली एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. आमच्या समाजात मूळची उतरंड बाई-पुरुष अशी नसून थोरला-धाकटा अशी होती, असं त्यांनी त्यात मांडलं. सगळ्यांना ते पटलं नाही, वाद झाले. पण भाषेतला हा पुरावा मात्र खराच.

आता याचा अर्थ तिथे सुनेला सुख आहे असा घेऊ नका हं! लग्न होऊन आलेली सून त्या घरात सगळ्यांत धाकटी. तिच्या लग्नाआधी त्या घरात जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा तिच्याहून थोरलं. त्याचं नाव तिने घ्यायचं नाही, काहीतरी लाडाचं नाव पाडून त्याला हाक मारायची. हे ऐकलं आणि मला माझी आजी आठवली. आठ वर्षांच्या दिराला ती ‘भावजी’ म्हणायची आणि जन्मभर तिने त्याचं नाव घेतलं नाही. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे समुद्राच्या दोन्ही बाजूंना सुना सारख्याच!’’

आकड्यांतही असंच एक साम्य सापडलं. आपण एकोणीस म्हणतो, म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस तसंच. योरुबात ही वजाबाकी पंधरापासूनच सुरू होते. पंधरा म्हणजे पाच उणे वीस. पन्नास म्हणजे तीन विसा, त्यातून दहा कमी. पंचेचाळीस म्हणजे त्यातूनही आणखी पाच कमी! आमच्याकडे जुन्या बायका आंबे विसावर मोजायच्या, तसे ते विसावर मोजतात. ही पद्धत कवड्या मोजण्यातून आली असावी असं अभ्यासक मानतात, कारण त्यांच्याकडे शेकडो वर्षं कवड्या हेच चलन होतं. आणि त्या कवड्या कुठल्या? बऱ्याचशा आपल्या बाजूच्या, मालदीव बेटांवरच्या. मी तिला आमच्या देवघरातली तुळजाभवानीची कवड्यांची माळ दाखवली. तिने ती हातात घेण्याआधी गुडघे वाकवले. कोणी सांगितलं होतं तिला?

तुम्ही म्हणाल, तिचं नाव काय? खरं सांगू, तिच्या नावाची मला फारशी गरजच पडली नाही. त्यांच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. आपण ‘बंडूची आई’ म्हणतो तशी. ती ‘इया इबेजी’, म्हणजे जुळ्यांची आई. आणि मी ‘इया सई’, सईची आई. ‘इया’ म्हणजे आई. वडिलांना तर ‘बाबा’च म्हणतात!

जगात जुळी जन्मण्याचं प्रमाण सर्वांत जास्त जिथे आढळतं, त्यात योरुबांचा मुलूख मोडतो. त्यामुळे जुळ्यांची नावं आधीच ठरलेली. आधी आलेला तायवो, म्हणजे जग चाखून बघणारा. मागून आलेला केहिंदे. गंमत म्हणजे थोरला मानतात केहिंदेला. त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, ‘जा, जग कसं आहे ते बघून ये’, आणि मग स्वतः आला, असं म्हणतात. जुळ्यांच्या पाठीवर झालेल्या मुलाचंही नाव ठरलेलं, इदोवू. आजी वारल्यानंतर घरात मुलगी झाली तर तिचं नाव येतुंदे, म्हणजे आई परत आली. आपण ‘आजीच पोटी आली’ म्हणतो, त्यांनी त्याचं नावच करून टाकलं. बारसं आठव्या दिवशी. बाळाला पाणी, मीठ, मध चाखवतात आणि प्रत्येकाबरोबर एकेक आशीर्वाद देतात.

पण हा तायवो आणि हा केहिंदे आईशी बोलायचे कशात? इंग्रजीत आणि कार्टूनच्या हिंदीत. तिचा जीव त्यात अडकला होता. ‘‘मी योरुबात विचारते, ते इंग्रजीत उत्तर देतात. शब्द येतात त्यांना, सूर येत नाहीत. आणि सूर नसले तर आमची भाषा उरते कुठे?’’ तिच्या लहानपणी शाळेत योरुबा बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे तिच्या बहिणींनी लागोसमध्येही मुलांशी इंग्रजीच बोलायला सुरुवात केली. हे ऐकताना मला सईचं बालपण आठवलं. पाहुणे आले की ‘ॲपल दाखव, नोज दाखव’ करून घेणारी मीच होते. आज ती एकोणऐंशी म्हटलं की विचारते, ‘‘आई, म्हणजे सेव्हन्टी नाइन ना?’’

या बाबतीत त्यांच्याकडे एक मोठा प्रयोग झालेला आहे, तो आपण आयांनी जरूर माहीत करून घ्यावा. १९७० साली इफे इथे बाब्स फाफुनवा या शिक्षणतज्ज्ञांनी पहिलीपासून सहावीपर्यंत सगळे विषय योरुबातून शिकवायला घेतले. इंग्रजी हा फक्त एक विषय म्हणून, पण नीट शिकवलेला. दुसऱ्या वर्गांत नेहमीप्रमाणे पहिली तीन वर्षं योरुबा आणि मग सगळं इंग्रजीतून. काही वर्षांनी तपासलं तेव्हा योरुबातून शिकलेली मुलं मागे पडली नव्हती, उलट पुढे होती. इंग्रजीतसुद्धा. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘आमच्याच गावची गोष्ट तुम्ही मला सांगताय!’’

या भाषेच्या व्याकरणाची सुरुवातही एका आईपासून ताटातूट झालेल्या मुलाने केली. १८२१ साली गुलाम पकडणाऱ्यांनी आजायी नावाच्या मुलाला घरच्यांसकट पळवलं. तो अनेकदा विकला गेला. शेवटी पोर्तुगीज जहाजात भरला असताना इंग्रजी आरमाराने ते जहाज अडवलं आणि तो सुटला. सॅम्युएल आजायी क्राउदर या नावाने पुढे तो पाद्री झाला. १८४३ साली त्याने योरुबाचा शब्दसंग्रह आणि व्याकरण छापलं. आपला मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, म्हणजे साधारण त्याच काळातलं हे काम. पण मोल्सवर्थ साहेब होता, हा त्याच भाषेचा लेकरू. १८४६ मध्ये, पंचवीस वर्षांनी, त्याला आबेओकुटात त्याची आई भेटली. इतक्या वर्षांनी ती भेटल्यावर तो तिच्याशी तिच्याच भाषेत बोलू शकला, हे मला फार मोठं वाटतं.

जे सुटले नाहीत, ते ब्राझील आणि क्यूबाला गेले. त्यांनीही भाषा पार सोडली नाही. देवाच्या गाण्यांत, प्रार्थनांत आणि पदार्थांच्या नावांत ती राहिली. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले वडे योरुबात ‘आकारा’. ब्राझीलच्या बाहिया भागात आजही बायका रस्त्यावर तेच वडे तळून विकतात, त्यांना ‘आकाराजे’ म्हणतात. असंच आपल्या पनवेलच्या बेने इस्रायली लोकांचं. जुन्या पनवेलमध्ये त्यांचं बेथ एल सिनेगॉग आहे. घरी मराठी बोलणारे हे लोक इस्रायलला गेले आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. माणूस घर सोडतो, पण आईची भाषा बरोबर नेतो. मात्र ती टिकायची तर घरात कोणीतरी बोलावं लागतं.

आबेओकुटाच्याच फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांचं नाव मला तिच्यामुळे कळलं. इंग्लंडला शिकून आलेल्या या बाईंनी बाजारात भाजीपाला विकणाऱ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं. त्या बायकांना परकं वाटू नये म्हणून पाश्चात्त्य पोशाख सोडला आणि सभांमधून योरुबातच बोलायला सुरुवात केली. १९४७ मध्ये बायकांवरच्या अन्यायकारक करांविरुद्ध हजारो बायका राजवाड्यासमोर ठाण मांडून बसल्या, गाणी म्हणून त्यांनी राजाची टर उडवली. शेवटी तो कर थांबवावा लागला आणि १९४९ च्या जानेवारीत राजाला काही काळ गादी सोडून जावं लागलं. मला आपल्या मृणालताई गोरेंचा लाटणं मोर्चा आठवला. फुनमिलायोबाईंचा शेवट मात्र वाईट झाला. १९७७ मध्ये त्यांच्या मुलाच्या घरावर सैनिकांनी हल्ला केला आणि त्यांना खिडकीतून खाली फेकलं. त्यातून त्या सावरल्या नाहीत, १९७८ मध्ये गेल्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात जड होतोय.

गणपती झाले आणि सोसायटीची मीटिंग लागली. विषय पत्रिकेत नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता. त्या कुटुंबाचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलं होतं. ते पुन्हा करू नये असं मालकाला सांगायचं, असा प्रस्ताव. तक्रार काय? तशी काहीच नाही. आवाज नाही, भांडण नाही, मेन्टेनन्स वेळेवर. परदेशी माणसाला घर दिलं की जो फॉर्म भरावा लागतो, तोही मालकाने भरलेला. ‘‘पण टीव्हीवर बघतो ना आपण. या लोकांचा भरवसा नाही,’’ कोणीतरी म्हणालं. ‘‘आणि हे लोक इथले नाहीतच.’’

कोणी गुन्हा केला तर त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण एकाच्या गुन्ह्यासाठी चार कोटी माणसांना जबाबदार धरायचं? आणि इथले नाहीत म्हणजे काय? आमच्या रायगड जिल्ह्यात मुरुडसमोर जंजिरा उभा आहे, तिथे सिद्दींनी शेकडो वर्षं राज्य केलं. ते आफ्रिकेच्या पूर्वेकडून आलेले, योरुबांपेक्षा वेगळे. हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात राहणारे सिद्दी आज कोकणी, मराठी बोलतात. त्यांच्या पूर्वजांची भाषा पार हरवली, आपल्याच भाषांत विरघळली. आता यापेक्षा आणखी किती इथलं व्हायचं माणसाने?

हे सगळं माझ्या मनात होतं. तोंडातून मात्र एकच वाक्य निघालं, ‘‘त्यांची कागदपत्रं नीट आहेत, आणि बाई चांगली आहे.’’ चेअरमन म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही गॅरंटी घेता का?’’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बसले. गॅरंटी तर मी शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचीही घेऊ शकत नाही, आणि कोणी मागतही नाही. पण हे उत्तर मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. प्रस्ताव मंजूर झाला. माझा हात वर नव्हता, पण विरोधातही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. तिला सगळं कळलेलं होतं. तिने मला आकारा खायला घातले आणि म्हणाली, ‘‘इया सई, ही आमची चौथी जागा.’’ तिने राग धरला असता तर बरं झालं असतं. महिन्याभराने ते तळोज्याच्या पुढे कुठेतरी गेले आणि पुढच्या वर्षी लागोसला. निघताना ती जिना झाडणाऱ्या बाईंपाशी थांबली, मग माझ्यापाशी. म्हणाली, ‘‘ओ दाबो.’’ निरोपाचा शब्द. अर्थ विचारला तर म्हणे, परत येईपर्यंत. मी तिला सांगितलं, आमच्याकडेही बायका ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. मग ती दार ओलांडताना मराठीत म्हणाली, ‘‘येते.’’ सूर अगदी बरोबर लागला होता.

आता मी काही मोठं काम केलं असं सांगणार नाही. जिना झाडणाऱ्या बाईंना रोज थांबून नमस्कार करते, इतकंच. सईशी पूर्ण मराठीत बोलते, ती हसली तरी. आणि सोसायटीत पुन्हा कोणाची गॅरंटी मागितली गेली, तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे.

यंदाच्या पौषात पुन्हा बाजारात गेले. कोनफळवाल्या मावशींनी विचारलं, ‘‘तुमची ती मैत्रीण कुठं गेली? पोरं गोड होती तिची.’’ मी म्हटलं, गेली तिच्या गावाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही घरी आपसात बोलता ती भाषा कोणती?’’

मावशी कातकरी आहेत. पनवेल-पेण-कर्जतच्या डोंगरांत कातकऱ्यांच्या वाड्या कितीतरी आहेत. त्यांची स्वतःची बोली आहे आणि ती आमच्या मराठीपेक्षा वेगळी आहे. हे मी वाचलेलं होतं, पण ऐकलेलं कधी नव्हतं. कारण आमच्याशी बोलताना त्या आमचीच भाषा बोलतात.

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘इतकी वर्षं कोनफळं नेता ताई, आज विचारताय?’’ मग जराशा लाजून त्यांनी त्यांच्या बोलीतलं एक वाक्य म्हणून दाखवलं. मी ते दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा चुकलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘परत म्हणा.’’